पाय किती वेळा फिरतो? सायकलच्या गिअरमागचं साधं गणित

बिनगिअरच्या काळ्या सायकलवर शिकलेल्या माणसाला एक सवय कायमची लागते. चढ आला की उभं राहायचं, पेडलवर अंगाचा सगळा भार टाकायचा, आणि तेही जमेनासं झालं की उतरून सायकल हातात धरून चालायचं. त्या सायकलवर दुसरा उपायच नव्हता. पुढे पेडलजवळच्या चकतीला ४४ दाते आणि मागे चाकाच्या चकतीला १८ दाते अशी जोडी असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर जाते. रस्ता सपाट असो की घाटाचा, वारा पाठीमागून असो की तोंडावर, ते ५.४ मीटर बदलत नाहीत.

आता २१ किंवा २४ गिअरची सायकल सहज मिळते, पण पायांची सवय तीच राहिली आहे. चेन पुढे सगळ्यात मोठ्या चकतीवर, मागे लहान चकतीवर, आणि चढावर दात-ओठ खात जोर लावणं चालू. ‘हलक्या गिअरवर नुसते पाय फिरतात, सायकल पुढे जात नाही’ असं अनेकांना मनापासून वाटतं. जड पेडल म्हणजे जास्त व्यायाम, असंही वाटतं. गुडघे दुखायला लागले की दोष वयाला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा गिअर एक-दोन पायऱ्या जड असतो, आणि जेव्हा बदलायला हवा त्यानंतर बऱ्याच उशिरा बदललेला असतो.

सगळा मामला दोन गोष्टींचा आहे: पेडलवर किती जोर पडतो आणि पाय किती वेगाने फिरतो. पाय फिरण्याच्या वेगाला केडन्स म्हणतात. एका मिनिटात पेडलचे जितके पूर्ण फेरे होतात, तितका केडन्स. रस्ता, वारा आणि ओझं सतत बदलत असतं. ते बदलत असताना जोर आणि फेरे दोन्ही पायांना झेपतील अशा पट्ट्यात ठेवणं, एवढंच गिअरचं काम.

दाते मोजा, मीटर काढा

पुढच्या चकतीच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागा. पुढे ३८ आणि मागे २० असेल तर उत्तर १.९. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक १.९ वेळा फिरतं. या आकड्याला चाकाच्या परिघाने गुणलं की एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते ते कळतं. हायब्रिड म्हणजे रोड बाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधल्या सायकलच्या ७०० बाय ३५ टायरचा परिघ सुमारे २.१७ मीटर असतो, रोड बाइकच्या ७०० बाय २५ टायरचा २.१ मीटर, आणि २६ इंची जाड टायरच्या एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, सुमारे २.०७ मीटर. म्हणून हायब्रिडवर ३८ आणि २०ची जोडी एका फेऱ्यात ४.१ मीटर जाते.

आता ताशी २० किलोमीटर या वेगाचा विचार करू. सपाट रस्त्यावर रोजच्या प्रवासात हायब्रिडवर बहुतेक लोक याच्या आसपास असतात. मिनिटाला ३३३ मीटर झाले. पुढे ३८, मागे २० असेल तर त्यासाठी मिनिटाला ८१ फेरे लागतात. तोच वेग पुढे ४८, मागे १८ या जोडीवर ५८ फेऱ्यांत निघतो, आणि ४८-१४ या सगळ्यात जड जोडीवर ४५ फेऱ्यांत. तिन्ही वेळा सायकल त्याच वेगाने चाललेली आहे. फरक फक्त पायांना पडतो, आणि तो फार मोठा आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पुढे ४८, ३८ आणि २८ अशा तीन चकत्या असलेल्या हायब्रिडवर मधली चकती ही रोजची चकती आहे. ३८-१६ या जोडीवर ८१ फेऱ्यांत ताशी २५ किलोमीटर निघतात. शहरात ऑफिसला जाणाऱ्या माणसाला मोठ्या चकतीची गरज फारशी पडतच नाही. ती उतारासाठी, पाठीवरच्या वाऱ्यासाठी आणि वेगात चाललेल्या घोळक्यासाठी आहे.

तीच ताकद, दोन तऱ्हांनी

पेडलमधून सायकलला मिळणारी शक्ती म्हणजे जोर गुणिले पायाचा वेग. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, पाऊल एका फेऱ्यात सुमारे १.०७ मीटर अंतर कापतं. नियमित सायकल चालवणाऱ्याला तासभर १५० वॅट झेपतात असं धरू. मिनिटाला ६० फेऱ्यांनी हे १५० वॅट काढायचे तर पेडलवर सरासरी १४ किलो वजनाइतका जोर सतत लागतो. ९० फेऱ्यांनी काढायचे तर साडेनऊ किलो पुरतात. ही झाली सरासरी. पेडल वर आणि खाली टोकाला असताना जोर जवळपास लागतच नाही, सगळी कसर पेडल पुढे आडवं असताना भरून निघते, म्हणून त्या क्षणी जोर सरासरीच्या दुपटीच्या आसपास जातो. गुडघ्याच्या वाटीमागे दाब पडतो तो याच क्षणी.

मग फेरे वाढवतच का न्यायचे नाहीत? कारण पाय फिरवण्यालाही ऊर्जा लागते. मांड्या आणि पोटऱ्या जड असतात, आणि पेडलवर काही ओझं नसलं तरी त्या वरखाली नेताना स्नायू काम करतात. मिनिटाला १२० फेरे नुसते फिरवून पाहिले तरी दम लागतो. म्हणजे सौदा असा आहे: कमी फेरे आणि जास्त जोर घेतला तर ओझं स्नायूंवर आणि सांध्यांवर पडतं, जास्त फेरे आणि कमी जोर घेतला तर ते हृदयाकडे आणि फुफ्फुसांकडे जातं.

हृदय आणि फुफ्फुसं लवकर सावरतात, हा यातला कळीचा फरक. वेग कमी केला की दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर येतो. स्नायूंचं तसं नाही. स्नायूत मंद तंतू असतात आणि जलद तंतू असतात. हलका जोर मंद तंतू तासन्‌तास काढतात. जोर एका मर्यादेपलीकडे गेला की जलद तंतूंना कामाला लावावं लागतं. हे तंतू ताकदवान असतात, पण साठवलेली साखर झपाट्याने जाळतात आणि लवकर थकतात. एकदा मांड्या भरून आल्या की पुढचे चाळीस किलोमीटर त्या तशाच राहतात. लांबच्या राइडमध्ये शेवटच्या तासाला पायात गोळे येतात, त्याचं मूळ पुष्कळदा पहिल्या तासातल्या जड गिअरमध्ये असतं.

प्रयोगशाळेत मोजलं तर एक विरोधाभास दिसतो. हलक्या कामाला सगळ्यात कमी ऑक्सिजन लागतो तो ५० ते ७० फेऱ्यांच्या आसपास, आणि सरावलेले सायकलस्वार मात्र आपणहून ८० ते १००च्या दरम्यान फिरवतात. ऑक्सिजन थोडा जास्त खर्च होतो, पण पाय टिकतात. शिवाय शक्ती जितकी जास्त तितका किफायतशीर केडन्सही वर सरकतो. म्हणून व्यावसायिक स्पर्धकांचे ९५ पाहून ताशी १८ किलोमीटरने निवांत चाललेल्या माणसाने आपले पाय ९५वर नेण्याचा हट्ट करू नये. निवांत फिरताना ७० ते ८०, सपाटीवर नेटाने चालवताना ८० ते ९०, चढावर ६० ते ७५ हा पट्टा बहुतेकांना चालतो. उंची, पायांची लांबी आणि सराव यांप्रमाणे पाच-सात फेरे इकडेतिकडे होतील. सांभाळायची आहे ती खालची हद्द. बसून चढताना फेरे ५५च्या खाली जाऊन मिनिटामागून मिनिटं तिथेच राहत असतील, तर गिअर जड आहे.

मोजायला यंत्र लागत नाही. उजवा गुडघा वर आला की एक, असं १५ सेकंद मोजायचं आणि चाराने गुणायचं. २० आले तर ८०. क्रँकला लावायचा केडन्स सेन्सर मिळतो, पण दोन आठवडे असं मोजत राहिलं तरी ७० आणि ८५ मधला फरक पायालाच कळायला लागतो.

घाटातलं गणित

सिंहगडाचा रस्ता, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, खोपोलीहून वर येणारा बोरघाट: इथे गिअरची खरी परीक्षा होते, म्हणून हे गणित सविस्तर पाहू.

चालवणारा ७० किलोचा, सायकल, पाणी आणि सामान मिळून १५ किलो. एकूण ८५. चढ ७ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. पायात तेच १५० वॅट. या हिशेबाने वेग निघतो ताशी ८ किलोमीटरच्या आसपास. याहून वेगात जायचं तर शक्ती जास्त लागेल, आणि ती नसेल तर कोणताही गिअर ती आणून देणार नाही. गिअर ठरवतो ते एवढंच की या ८ किलोमीटरच्या वेगाला पाय किती वेळा फिरतील.

ताशी ८ म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. हायब्रिडवर मोठ्या चकतीवर हट्टाने राहून मागे २४ ठेवलं, तर केडन्स पडतो ३१. मधल्या ३८वर, मागे सगळ्यात मोठ्या २८वर, केडन्स ४५. लहान २८वर, मागे २८, केडन्स ६१. पहिल्या जोडीवर माणूस शंभर मीटरांत उभा राहील आणि पाचशे मीटरांत उतरेल. दुसरीवर तो पोचेल, पण वर गेल्यावर मांड्या दगड झालेल्या असतील. तिसरीवर तो बोलत बोलत नाही, तरी बसून जाईल. २६ इंची एमटीबीवर पुढे २४, मागे २८ ठेवलं तर केडन्स येतो ७५. जड आणि जाड टायरची असूनही घाटात ती सायकल पायांना सोपी वाटते, त्याचं कारण इथे आहे.

रोड बाइकवर पुढची लहान चकती ३४ची आणि मागे सगळ्यात मोठी २८ची असेल, तर याच चढावर ५२ फेरे. मागची ३४ची करून घेतली तर ६३. दिसायला हा फरक अकरा फेऱ्यांचा आहे, पण तासाभराच्या चढावर त्याने पेडलवरचा सरासरी जोर सुमारे अठरा टक्क्यांनी कमी होतो. चढ १० टक्क्यांचा झाला तर वेग ताशी ६च्या खाली येतो आणि ३४-३४वरसुद्धा केडन्स ४६वर उतरतो. घाटातल्या वळणांच्या आतल्या बाजूला असे तुकडे हमखास येतात. तिथे थोडं बाहेरच्या बाजूने गेलं की चढ सौम्य मिळतो, अर्थात मागून-पुढून वाहन नाही याची खात्री करूनच.

घाट सुरू होण्याआधीच्या दोन किलोमीटरांत फार लोक चूक करतात. सपाटीवरचा वेग टिकवण्याच्या नादात जड गिअरवर पहिला चढ अंगावर घेतात. बरोबर उलटं करावं. पायथ्यालाच पुढची लहान चकती टाकावी, मागे दोन-तीन पायऱ्या हलक्या शिल्लक ठेवाव्यात, आणि पहिली दहा मिनिटं ‘हे फारच सोपं आहे’ असं वाटेल इतक्या जोराने जावं. सगळ्यात हलका गिअर पहिल्याच वळणावर संपवला की पुढे पायांना आधार राहत नाही.

मधूनमधून उभं राहून चालवणं चांगलंच. पाठ मोकळी होते, स्नायूंचे वेगळे भाग कामाला लागतात. फक्त उभं राहण्याआधी गिअर एक किंवा दोन पायऱ्या जड करावा. उभ्याने केडन्स आपोआप दहा-पंधराने उतरतो, आणि हलक्या गिअरवर उभं राहिलं तर पाय पोकळीत पडल्यासारखा खाली जातो. पुन्हा बसताना आधी हलका करावा, मग बसावं.

वारा आणि सिग्नल

समोरचा वारा म्हणजे न दिसणारा चढ. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथे सपाट रस्त्यावर माणूस ताशी १५वर येतो आणि ‘आज पाय चालत नाहीत’ म्हणत ताशी २०च्या वेगाचा गिअर रेटत राहतो. वाऱ्यात वेग विसरावा, केडन्स धरावा, गिअर उतरवत जावं. सायकलच्या मीटरवरचा वेगाचा आकडा अशा वेळी सरळ दिशाभूल करतो.

शहरात गिअरचा सगळ्यात मोठा उपयोग सिग्नलला आहे. थांबायच्या आधी, सायकल चालू असतानाच, मागचा गिअर दोन-तीन पायऱ्या हलका करून ठेवायचा. सिग्नल सुटल्यावर पहिल्या तीन फेऱ्यांत सायकल डगमगत नाही आणि मागच्या रिक्षाच्या पुढे सरळ रेषेत निघता येतं. गुडघ्याला सगळ्यात जास्त मार बसतो तो जड गिअरवर थांबलेली सायकल उठवताना, आणि शहरात असं दिवसाला पन्नास वेळा होतं.

शिफ्टर दाबल्यावर काय घडतं

शिफ्टर म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची कळ. डाव्या हाताचा शिफ्टर पुढच्या चकत्यांचा, उजव्या हाताचा मागच्या. पुढे लहान चकती हलकी आणि मागे लहान चकती जड, यात नवखा माणूस गोंधळतो. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: चेन फ्रेमच्या दिशेने आत सरकली की गिअर हलका, बाहेर सरकली की जड. पुढेही हेच आणि मागेही हेच.

चकत्यांजवळ बसवलेली, शिफ्टरच्या केबलने हलणारी यंत्रणा म्हणजे डिरेलर. तो चेनला फक्त बाजूला ढकलतो. एका चकतीवरून दुसरीवर चढणं हे चेन फिरत असताना दाते आणि कडेचे उतार करतात. म्हणून थांबलेल्या सायकलवर शिफ्टर दाबून काही होत नाही, उलट केबल ताणली जाते आणि पहिल्या फेऱ्याला चेन कडकडत उडते. शिफ्ट करताना पाय फिरत हवेत, पण जोर हलका हवा. चढावर हे कठीण वाटतं, तेव्हा ही युक्ती वापरावी: एक-दोन फेरे नेहमीपेक्षा जोरात मारून सायकलला थोडा वेग द्या, मग अर्धा फेरा जोर सोडा आणि त्याच क्षणी शिफ्टर दाबा. क्षणभर सैल पडलेली चेन अलगद चढते.

पुढचा डिरेलर जास्त नाजूक, याला कारण आहे. मागचा डिरेलर चेनच्या खालच्या, सैल भागाला ढकलतो. पुढच्याला वरच्या, ताणलेल्या भागाला ढकलावं लागतं. पायाचा सगळा जोर त्याच भागातून जात असतो. भर चढावर मोठ्यावरून लहान चकतीवर यायचा प्रयत्न केला की चेन पडते, ती यामुळे. चेन आत पडलीच तर घाबरून पेडल उलटं मारू नका. सायकल अजून चालत असेल तर डाव्या शिफ्टरने मोठ्या चकतीची आज्ञा द्या आणि अगदी हलके पाय फिरवा, पुष्कळदा चेन स्वतःच वर येते. कुठे अडकल्यासारखी वाटली तर मात्र थांबा. जोर केला तर फ्रेम खरवडते किंवा डिरेलर वाकतो.

पुढचा गिअर बदलला की एकदम मोठी उडी पडते. रोड बाइकवर ५०-२५वर ७५ केडन्सने चालला असाल आणि नुसती पुढची चकती ३४ केली, तर त्याच वेगाला पाय ११० वेळा फिरायला हवेत. पाय पोकळीत पडतो, लय तुटते. म्हणून पुढे हलकं करताना लगेच मागे दोन-तीन पायऱ्या जड करायच्या. ११ ते ३४च्या अकरा चकत्यांच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचावर, मागे २५वरून २१वर आलं की एकूण गिअर सुमारे १९ टक्के हलका होतो. चढाला लागताना इतकाच फरक हवा असतो.

हे सगळं आपल्याला सहज मिळतं म्हणून त्याची किंमत कळत नाही. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १९३७पर्यंत सरसकट सगळ्यांना डिरेलर वापरू देत नव्हते. त्याआधी स्पर्धक घाटाच्या पायथ्याला उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चढाई करायचे.

२१ गिअर म्हणजे २१ नव्हेत

हायब्रिडवर मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८ अशा सात चकत्या असतील तर ४८-२४ आणि २८-१४ या दोन्ही जोड्यांचं उत्तर अगदी २ येतं. ३८-१८चं २.११ आणि ३८-२०चं १.९. म्हणजे एकाच गिअरकडे जाण्याच्या तीन वाटा. वेगवेगळे, उपयोगाचे गिअर मोजले तर दहा-बाराच्या आसपास भरतात. ही फसवणूक नाही, रचनाच अशी आहे. यातली मधली वाट घ्यावी. मोठी पुढे आणि मोठी मागे, किंवा लहान पुढे आणि लहान मागे, या दोन टोकांच्या जोड्यांत चेन तिरकी धावते, पुढच्या डिरेलरला घासून करकर करते आणि लवकर झिजते. चेन आखूड असेल तर मोठी-मोठी जोडी डिरेलर ताणून मोडूही शकते. आवाज आला की पुढची चकती बदलायची वेळ झाली, असं समजावं.

दुखणं कुठे आहे ते पाहा

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखत असेल तर दोन संशयित आहेत: जड गिअर आणि खाली असलेली सीट. दोन्ही बहुधा एकत्रच सापडतात. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. मग पंज्याचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात किंचित वाक राहतो. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट फार उंच असू शकते. सूज आली असेल, गुडघा अडकत असेल किंवा आठवडाभर आराम करूनही दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

जास्त केडन्सला सीटवर उडायला होत असेल तर पायांना अजून गोल फिरायची सवय नाही. पेडल खाली पोचल्यावरही पाय दाबतच राहतो आणि ती धडक कंबर वर उडवते. सराव सोपा आहे. सपाट, मोकळा रस्ता, हलका गिअर. ७० फेऱ्यांपासून सुरू करून दर मिनिटाला पाचने वाढवत जा. सीटवर उडायला लागलात की दहा फेरे खाली या आणि तिथे तीन मिनिटं थांबा. खाली गेलेला पाय बुटाच्या तळाला लागलेला चिखल पुसल्यासारखा मागे ओढा. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. तीन-चार आठवड्यांत ८५ सहज वाटायला लागतात. सुरुवातीला नाडी नेहमीपेक्षा जास्त पडेल आणि वेग थोडा कमी वाटेल, ते अपेक्षित आहे.

सायकलच साथ देत नसेल तर

मागे मोठ्या चकतीवर जायला चेन कचरत असेल, तर केबल सैल झाली आहे. मागच्या डिरेलरजवळचा गोल फिरकी स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव ते अर्धा फेरा फिरवून पाहा. लहान चकतीवर उतरायला वेळ लागत असेल तर तोच स्क्रू उलट फिरवा, आणि तरीही नाही जमलं तर पावसाळ्याचा चिखल केबलच्या नळीत गेला आहे, केबल आणि नळी दोन्ही बदला. जोर दिल्यावर चेन दात्यांवरून उडत असेल तर पट्टीने मोजा. नव्या चेनच्या एका पिनेपासून चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर, पहिली पिन शून्य धरून, बरोबर १२ इंच भरतं. पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे असेल तर मागच्या चकत्याही बहुधा गेल्या आहेत, नवी चेन त्यांवर उडत राहील.

आणि सगळ्यात हलक्या गिअरवरही घाटात ५५च्या वर येत नसाल तर गिअर बदलून घ्या. सात चकत्यांच्या हायब्रिडवर १४-२८ऐवजी १४-३४चं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसतं. वरच्याच ७ टक्क्यांच्या चढावर केडन्स ६१वरून ७५वर जातो. यात एक तडजोड आहे: मोठी चकती २४नंतर थेट ३४ची असते, मधली पायरी नाही, त्यामुळे शेवटच्या शिफ्टला पाय एकदम हलका पडतो. घाटात रोज जाणाऱ्याने ती आनंदाने स्वीकारावी. दुकानात जाऊन दोन गोष्टी विचारा: मागचा डिरेलर ३४ दात्यांपर्यंत घेतो का, आणि पुढे मोठी, मागे मोठी अशी जोडी टाकली तर चेनची लांबी पुरते का. पुरत नसेल तर फ्रीव्हीलबरोबर चेनही नवीन, लांब घ्यावी. बसवून झाल्यावर दुकानातच, सायकल स्टँडवर असताना, चेन मोठ्या चकतीवर नेऊन पाहा. ती तिथे चढायला हवी, पण तिच्यापलीकडे आऱ्यांकडे एक मिलिमीटरही जाता कामा नये.